हातचा

ओमाहाच्या यार्डात फळ्यावर दोन आकडे होते.
एकटीने चालवाल तर मैलाला चव्वेचाळीस सेंट.
जोडीने चालवाल तर अठ्ठावन्न,
दोघींत मिळून.
शिकवणारा खडूचे हात पँटला पुसत म्हणाला,
जोडीची गाडी थांबत नाही.
गुणाकार तुम्हीच करा.

मी केला, जेवणाच्या सुट्टीत, सँडविचच्या कागदावर.
एकटीचे आठवड्याला तेवीसशे मैल,
जोडीचे पाच हजार, माझ्या वाट्याला एकोणतीस सेंट.
एक हजार बारा.
एक हजार चारशे पन्नास.
मधल्या चारशे अडतीसमध्ये
मुलाच्या दातांच्या तारा बसत होत्या,
थकलेलं भाडंही, जरा रेटून.
मी जोडीच्या रकान्यात सही केली.
हातचा धरायचा राहिला.
तो मला पुढे रॉलिन्सला सापडला.

लुएला बर्डसाँग, वय अठ्ठावन्न, ओक्लाहोमाची.
हात मिळवायच्या आधी तिने विचारलं, घोरतेस का?
म्हटलं, ठाऊक नाही,
सांगायला कुणी उरलं नाही.

दुपारी दोनपासून माझी पाळी, रात्री दोनपासून तिची.
मी झोपायला जायचे तेव्हा बिछाना तिच्या अंगाने कोमट असायचा,
उशीला मेन्थॉलचा वास.
पडद्यापलीकडे ऐंशी हजार पौंड एक परकी बाई ओढत होती
आणि पांघरुणात माझा उजवा पाय
रात्रभर ब्रेक दाबत होता.
त्या दाबण्याचे पैसे नव्हते.

दिवसातून वीस मिनिटं आम्ही एकमेकींना दिसायचो,
डिझेलच्या पंपावर.
बाकी मी तिला ओळखायचे ते कपातल्या पिस्त्यांच्या टरफलांवरून,
तीन खाचा मागे सरकवलेल्या सीटवरून.

लॉरेडो ते टकोमा:
मीटरवर दोन हजार तीनशे एक्क्याण्णव,
पगाराच्या चिठ्ठीवर दोन हजार दोनशे चौदा.
म्हटलं, मधले एकशे सत्याहत्तर गेले कुठे?
लुएला म्हणाली, कंपनी नकाशावर मोजते, आपण रस्त्यावर.
ते शोभेचे मैल, पोरी.
गोदामाच्या दारात उभे राहिलेले सहा तास तर
शोभेचेही नव्हते.

मग रॉलिन्स.
वाऱ्याने एक रिकामा ट्रेलर आडवा केला
आणि वायोमिंगने रस्ता बंद केला, एकोणीस तास.
चाक फिरत नाही म्हणजे सेंट नाही,
एकटीला नाही, जोडीलाही नाही.
चार महिन्यांत पहिल्यांदाच
आम्ही दोघी एकाच वेळी जाग्या होतो.
थांबलेल्या गाडीत झोप येईना, तिलाही.

कॅनमधली मिरचीची डाळ गरम करत ती नवऱ्याविषयी बोलली.
बावीस वर्षं जोडीने गाडी चालवली त्यांनी.
एकत्र जागे कधी नव्हतोच,
म्हणून तर संसार टिकला, म्हणाली,
आणि हसता हसता चमचा उचलायला गेली.
हात चमच्याच्या बोटभर शेजारी पडला.

मी चमच्याकडे पाहिलं.
ती माझ्याकडे.
डावा, म्हणाली. मोतीबिंदू. मार्चमध्ये तपासणी आहे.
मार्चपर्यंतचे मैल मिळाले तर ऑपरेशनचे पैसे जमतात.

बाहेर वारा ट्रेलरला धक्के देत होता.
मी मोजत होते.
एकशे अठरा रात्री, जाळी लावून, डोळे मिटून,
तिच्या एका डोळ्याच्या भरवशावर.
कंपनीला फोन केला असता तर उद्यापासून मी एकटी,
मैलाला चव्वेचाळीस.
न केला तर
काय, ते कुठल्याच फळ्यावर नव्हतं.

पहाटे चारला रस्ता उघडला. पाळी तिची होती.
मी म्हटलं, रात्र यापुढे मी घेते.
तिने का विचारलं नाही.
किल्ली दिली, सीट तीन खाचा पुढे सरकवून दिली.

लॅरमीपर्यंत पडद्यामागून आवाज नव्हता.
मी कान तिकडेच ठेवून चालवत होते,
तिचा पाय हलतोय का, ब्रेक शोधतोय का.
शायेनच्या अलीकडे ती घोरायला लागली.
मार्चला नऊ आठवडे होते.
दिवस उजाडला की गाडी तिच्या हातात द्यायची,
तो गुणाकार
मी अजून केला नव्हता.